सहा महिन्यांच्या बाळाला सासूबाई गुटी, मध, पाणी घातलेले दूध आणि वरणाचे पाणी देऊ पाहतात. डॉक्टर नको म्हणतात. घरात कटुता न येता काय करावे?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: मुलगी पुढील आठवड्यात सहा महिन्यांची होईल, सासूबाई चौथ्या महिन्यापासून तिला मधात कालवलेली गुटी चाटवत आहेत, आता वरणाचे पाणी आणि निम्मे पाणी घातलेले गाईचे दूध सुरू करावे असा त्यांचा आग्रह आहे, डॉक्टरांनी यातले बहुतेक सारे नको म्हणून सांगितले आहे, आणि आपली रजा संपत आल्यामुळे बाळ दिवसभर सासूबाईंकडेच राहणार आहे. मी एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका म्हणून निवृत्त होईपर्यंत काम केले आणि आता स्वतः आजीच्या भूमिकेत आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत. माझे मत आधीच सांगते. मध आणि आंघोळीच्या वेळी नाकात तेल सोडणे यांबाबत अजिबात तडजोड करू नये, गुटीचा वाद शक्य तितक्या लवकर मिटवावा, आणि उरलेली सारी शक्ती वाटीतील अन्न घट्ट कसे राहील याकडे लावावी. कारण सहा महिन्यांनंतर बाळाचे वजन अडते ते बहुतेक वेळा गुटीने नव्हे, तर पातळ अन्नाने.

मधाविषयी प्रथम. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, परंतु वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात आणि त्या विषाने स्नायू लुळे पडतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर श्वासापर्यंत पोहोचतो. मध जंगलातील असो, ओळखीच्या माणसाने घरी आणून दिलेला असो किंवा दुकानातील बाटलीतला असो, शुद्धतेशी याचा काही संबंध नाही, आणि घरच्या गॅसवर उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. आजवर मध दिला गेला म्हणून घाबरून जाऊ नये. बाळ नीट पीत असेल, आवाज खणखणीत असेल, मान धरत असेल, तर तो आजपासून बंद करणे पुरेसे आहे. अचानक शौचाला कडक होणे, रडण्याचा आवाज क्षीण होणे, ओढून पिण्याची ताकद कमी होणे किंवा मान सैल पडणे यांपैकी काही दिसले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि मध दिल्याचे न लपवता सांगावे.

गुटीबद्दल लोक एकतर श्रद्धेने बोलतात किंवा तुच्छतेने, आणि दोन्हींमुळे मूळ मुद्दा बाजूला राहतो. आपल्याकडच्या गुटीच्या संचात वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सागरगोटा, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, सुंठ, खारीक, बदाम अशा वस्तू असतात, आणि त्या सहाणेवर दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात ठरावीक वळसे देऊन उगाळतात. म्हणजे मात्रा वळशांवर अवलंबून आहे, आणि वळसा किती दाबून दिला हे उगाळणाऱ्या हातावर. जायफळाचे दोन वळसे जास्त पडले की बाळ दुपारभर गाढ झोपते आणि घरात सारे समाधानाने म्हणतात की गुटी मानवली. ती झोप भूक भागल्याची नसते. वेखंडात बीटा-असरोन नावाचे द्रव्य असते आणि ते तान्ह्या बाळाच्या पोटात जाऊ नये असेच मी सांगेन. शिवाय तो संच वर्षानुवर्षे एका कापडी पुरचुंडीत राहतो, पावसाळ्यात त्याला बुरशी लागते, सहाण पाण्याने नुसती विसळली जाते. जुलाब कुठून सुरू झाले हे मग शोधत बसावे लागते. खारीक आणि बदाम यांना माझी काही हरकत नाही, कारण ते अन्नच आहे. सासूबाईंना उगाळायचेच असेल तर सहाण घासून, उकळत्या पाण्याने धुऊन तिच्यावर खारीक आणि बदाम उगाळावे आणि ते नाचणीच्या सत्त्वात मिसळावे. हा मार्ग मी अनेक घरांत सुचवला आहे आणि तो सहसा मान्य होतो, कारण त्यात सहाण माळ्यावर जात नाही.

आंघोळीच्या वेळी नाकात तेल सोडण्याची पद्धत मात्र पूर्ण थांबवावी. ते तेल फुप्फुसात उतरू शकते आणि त्याने होणारा न्यूमोनिया साध्या औषधाने लवकर बरा होत नाही. काजळात शिसे असू शकते, म्हणून डोळ्यांत काजळ नको. दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तीट लावली तर कोणाचे काही बिघडत नाही. अंगाला तेल लावून मालीश करणे खुशाल चालू ठेवावे. आजीच्या हातची मालीश बाळाला आवडते, आणि प्रत्येक गोष्टीला नको म्हटले की खऱ्या धोक्याच्या गोष्टीलाही कोणी नको मानत नाही.

आता वाटीकडे वळते, कारण आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. या वयाच्या बाळाच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिलिलिटर मावते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटी. ती वाटी वरणाच्या निवळीने भरली तर पोट भरते, बाळ शांत होते, दूधही कमी पिते, आणि अंगाला काही लागत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी मिळाव्यात अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे आणि नऊ ते अकरा महिन्यांत ती 300 वर जाते. वरणाच्या पाण्याने हे जमत नाही. भाताच्या पेजेनेही नाही. अन्न किती घट्ट असावे याची परीक्षा सोपी आहे: चमचा तिरका केला तरी त्यातले अन्न चटकन ओघळून पडता कामा नये, हळूहळू सरकले पाहिजे. सासूबाईंना कॅलरीचा हिशेब सांगू नका. चमचा तिरका करून दाखवा.

पाणी घातलेल्या गाईच्या दुधाची हीच गत आहे, आणि वर आणखी दोन दोष. त्यात लोह नगण्य असते, आणि वर्षाच्या आत ते मुख्य पेय म्हणून दिले तर काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होतो. सहाव्या महिन्यापर्यंत जन्मतःचा लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असते, त्यामुळे नेमक्या याच वयात रक्तक्षयाचा पांढरेपणा सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची 67.1 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. तेव्हा हा केवळ गरिबांच्या घरचा प्रश्न आहे असे समजू नये. शासकीय कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोहाचे सिरप देतात, आणि खासगी डॉक्टर रोजचे थेंब लिहून देतात. दोन्ही एकदम चालू करायचे नसतात, म्हणून कोणते द्यायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. ड जीवनसत्त्वाचे 400 युनिटचे रोजचे थेंब चालू असतील तर ते बाळ वर्षाचे होईपर्यंत थांबवू नयेत. आपण स्वतः शाकाहारी असाल तर आपली बी-12 ची तपासणीही करून घ्यावी, कारण आईत ती कमतरता असली की दुधातूनही ते कमी जाते आणि बाळ सुस्त, फिकट होत जाते. बसायला शिकण्याऐवजी ते वाढीत मागे पडू लागते. हे आपल्या भागातील शाकाहारी घरांत दिसते आणि बहुधा उशिरा ओळखले जाते.

सुरुवात कशाने करावी याचे उत्तर सासूबाईंकडे आपल्यापेक्षा चांगले असण्याची शक्यता आहे, आणि ते म्हणजे नाचणीचे सत्त्व. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, पांढरे बारीक मोड दिसले की सावलीत खडखडीत वाळवायची, मंद भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड आणण्यामागे कारण आहे. मोडांत तयार होणारे विकर पिठातील स्टार्च तोडते, म्हणून तेवढेच पीठ घालूनही खीर चिकट गोळा होत नाही आणि बाळाला गिळता येईल अशा रूपात जास्त पीठ पोटात जाते. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. लोह मात्र लोक समजतात तितके नसते, म्हणून एकट्या नाचणीवर विसंबू नये. आठवडाभरात मऊ शिजवून घोटलेली मुगाची खिचडी, त्यावर चमचाभर तूप आणि लिंबाचे दोन थेंब, उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर, कुस्करलेले केळे असे एकेक सुरू करावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अंगी लागते, तेव्हा वरणभात-तूप-लिंबू ही जोडी नुसती चवीची नाही. घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेले अंडे सहाव्या महिन्यापासूनच द्यावे. काटे काढलेली मासळीही. वर्षभर अंडे नको ही समजूत आता मागे पडली आहे, आणि शेंगदाण्याच्या बाबतीतही तेच: अगदी बारीक वाटून अन्नात मिसळलेला दाणा लवकर सुरू केल्याने ॲलर्जीची शक्यता कमी होते असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे, मग वाढवत वाढवत अर्धी वाटी, दिवसातून दोनदा आणि लवकरच तीनदा. मीठ-तिखट घालण्यापूर्वी बाळाची वाटी बाजूला काढावी. आळणी अन्न पोर कसे खाईल, असे सासूबाई विचारतील. ज्याने मीठ चाखलेलेच नाही त्याला आळणी काय हे ठाऊक नसते. साखर नको, आणि गूळ हीदेखील साखरच. चहात बुडवलेले बिस्किट हे तर दोन्ही अर्थांनी वाईट, कारण चहा लोह शोषू देत नाही. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत मिक्सर बाजूला ठेवून हाताने कुस्करलेले अन्न द्यायला लागावे, नाहीतर वर्षाचे मूल घास चावायला तयार होत नाही आणि मग त्याच्यामागे मोबाईल घेऊन फिरावे लागते.

आपली रजा संपणे आणि वरचे अन्न सुरू होणे एकाच वेळी येते हा योगायोग बहुतेक नोकरदार आयांच्या वाट्याला येतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची रजा 26 आठवडे झाली, त्यातले काही आठवडे आधी घेतले की बाळ सहा महिन्यांचे होण्याआधीच कामावर जावे लागते. कामावर गेल्यावरही बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा दुधासाठी सुट्टी घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो मागून घ्यावा. काढलेले दूध फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस टिकते आणि थंड खोलीत बाहेर चार तास. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नये. ते बाटलीने न देता वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायला सासूबाईंना सांगावे. बोंडले त्यांच्या हाताला सवयीचे असेल आणि उकळून स्वच्छ करायलाही बाटलीपेक्षा सोपे असते.

राहता राहिला बोलण्याचा प्रश्न. मध आणि नाकातले तेल याबद्दल आपल्या यजमानांनी त्यांच्या आईशी स्वतः बोलावे, आपण नव्हे. मुलाने सांगितलेले आईला उपदेश वाटत नाही, सुनेने सांगितलेले वाटते, आणि हे अन्यायकारक असले तरी बाळाच्या बाबतीत न्याय मागत बसण्यापेक्षा मध थांबणे महत्त्वाचे. सहाव्या महिन्याच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्यावे आणि डॉक्टरांना आपल्या शंका त्यांनाच विचारू द्याव्यात. घरी येऊन "डॉक्टर असे म्हणाले" हा निरोप देण्यात त्यांची बाजू आधीच हरलेली असते. त्या दिवसभर, एक रुपयाही न घेता, आपल्या मुलीला सांभाळणार आहेत, याची जाणीव आपल्या सूचनांच्या सुरात दिसली पाहिजे. सत्त्व करणे, खिचडी घोटणे, नवा पदार्थ कधी सुरू करायचा हे ठरवणे, सगळे त्यांच्याकडे सोपवावे. उष्टावणाचा मुहूर्तही त्यांनाच काढू द्यावा. परंपरेने मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करतात, आणि सहा महिने पूर्ण झालेली मुलगी सातव्या महिन्यातच असते, म्हणजे पंचांग आणि डॉक्टर यांचे इथे एकमत आहे. त्या दिवशी मामाने गोड खिरीचे बोट चाटवले तर चाटवू द्यावे. अंगठी तेवढी आधी धुऊन घ्यावी.

पुढचे तीन महिने दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून माता बाल संरक्षण कार्डावरील रेषेत नोंद करून घ्यावी. या काळात महिन्याला साधारण 300 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. मधल्या एखाद्या महिन्यात सर्दी-जुलाबाने वाढ थोडी अडली तर ती पुढे भरून निघते. पण आजारपण नसताना लागोपाठ दोन महिने रेषा सपाट राहिली, तर डॉक्टरांकडे जाताना टॉनिकचे नाव विचारण्याआधी बाळ दिवसभरात काय, किती आणि किती घट्ट खाते हे सासूबाईंनीच त्यांना सांगावे.