मांडवीत कयाकवरून गरी टाकताना मोटरबोटींपासून कसं सांभाळावं?

तुम्ही विचारलंय, 'बेती-पणजी परिसरात कयाकवरून मासेमारी करायची आहे, पण फेरी, बार्ज (माल वाहणाऱ्या सपाट बोटी), पर्यटकांच्या बोटी सतत चालू असतात. काय काळजी घ्यावी?'

सर्वात आधी हे गृहीत धरा की तुम्ही कुणाला दिसत नाही. कयाक पाण्याला चिकटून असते. स्पीडबोटीने वेग घेतला की तिचं नाक वर उचलतं आणि चालवणाऱ्याला पुढचं पाणीच दिसत नाही. म्हणून मागे उंच काठीवर नारिंगी झेंडा लावा, वल्ह्याची पातीही भडक रंगाची घ्या. निळी-हिरवी कयाक फोटोत छान दिसते, नदीत दिसेनाशी होते.

बोटींच्या वाटेत नांगर टाकून बसू नका, मासा कितीही लागत असो. अरुंद वाटेत मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नाही, हा नियमच आहे. आणि भरलेला बार्ज काही पटकन थांबत नाही. चणक (जिताडा), तांबोशी ही मासळी तशीही कडेच्या खारफुटीजवळ आणि खडकांपाशी मिळते. वाट ओलांडायचीच तर काटकोनात, एका दमात.

लाट आली तर नाक तिच्याकडे जरा तिरकं वळवा, आडवे सापडलात तर उलटाल. नांगराची दोरी पुढून किंवा मागून बांधा, बाजूने कधीच नाही. आणि ती झटकन सोडता आली पाहिजे.

लाइफजॅकेट अंगात हवं, मागे बांधलेलं नको. त्यालाच शिट्टी. पहाटे जाणार असाल तर पांढरी टॉर्च हाताशी. फोन जलरोधक पिशवीत, तटरक्षक दलाचा १५५४ सेव्ह करून.