एक्स११ जुने झाले, म्हणून घाई नको

देवगडच्या दुकानातील जुन्या लॅपटॉपवर तुम्ही लिनक्स बसवले, हे उत्तम केले. एक्स११ ही लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या दाखवणारी १९८७ सालची व्यवस्था आता मोडीत निघणार, या चर्चेने मात्र धास्तावू नका. तिच्यात नवी भर फारशी पडत नसली आणि ग्नोम व केडीई या डेस्कटॉपांनी तिच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेला पसंती दिली असली, तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या येत असतात आणि बहुतेक जुने प्रोग्राम एक्सवेलँड या जोडप्रोग्रामच्या आधाराने वेलँडवरही चालतात.

लॉगिनच्या पडद्यावर डेस्कटॉपचे सत्र निवडण्याची सोय असते. ती उघडून वेलँड निवडा आणि आठवडाभर आंब्याच्या पेट्यांची बिले त्यातच करून पाहा. मराठी टंकलेखन आणि दुरून पडदा चालवण्याची साधने आधी तपासा, कारण अडचण बहुधा तिथेच येते. अडलेच, तर यादीत एक्स११चे सत्र असल्यास (ग्नोमच्या नव्या आवृत्त्यांत ते नसते) ते निवडून काम पुढे न्यावे. त्यात कमीपणा नाही.

नवशिके दोन चुका हमखास करतात: एक्स११ मुळासकट काढून टाकणे आणि जुन्या लेखातील एक्सऑर्गची (एक्स११ चालवणाऱ्या प्रोग्रामची) कॉन्फिग फाइल, म्हणजे मांडणीची फाइल, जशीच्या तशी उतरवणे. दुसरी चूक मीही केली आहे. ऐन पावसाळ्यात काळ्या पडद्यासमोर बसलो आणि वर वीजही गेली. ग्राफिक्स ड्रायव्हरचे प्रकरण सध्या बाजूलाच ठेवा.