गुण मोजू नका, पाय बघा

प्रश्न : आमच्या लाडक्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) संघाने यंदा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या पाचात एक सात फुटी सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) घेतला. पंचवीस सामने झाले, सरासरी आठ गुणांवर अडकलाय. दर दोन-तीन सामन्यांत फाउल वाढले की बाकावर जाऊन बसतो. दादा म्हणतो, "वेम्बन्यामा बघ आणि हा बघ. पिक (निवडीची संधी) वाया गेला!" मला मात्र पोरगा आवडतो. माझं चुकतंय का? आणि त्याची जर्सी घेऊ का?

उत्तर : दादाला आधी सान अँटोनिओच्या त्या उंच सेंटरचं, वेम्बन्यामाचं, नाव काढायची बंदी करा. २०२३-२४ मध्ये पहिल्याच वर्षी सरासरी २१.४ गुण, १०.६ रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं), ३.६ ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं)! ती फूटपट्टी लावली तर कोणीच नवखा पास होणार नाही. आणि एवढं करूनही सान अँटोनिओने ८२ पैकी २२च सामने जिंकले, हेही दादाला सांगा. त्यापेक्षा सेंटर रूडी गोबेअर आठवा. पहिल्या हंगामात सरासरी २.३ गुण. पुढे चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या सेंटर योकिचचेही पहिल्या वर्षी सरासरी दहाच गुण होते.

गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा खेळाडू, चेंडू स्वतः घेऊन येतो. सेंटरला तो कोणीतरी द्यावा लागतो, आणि नवख्यावर भरवसा बसेपर्यंत तो देत नाहीत. म्हणून गुणांचा रकाना सोडा, बचावात त्याचे पाय बघा. समोरचा गार्ड स्क्रीनच्या (साथीदाराने वाटेत उभं राहून केलेल्या आडोशाच्या) आडून सुसाट आत येतो, त्याच वेळी तो साथीदार रिंगकडे पळतो. दोघांच्या मध्ये आपला सात फुटी एकटा. अर्धं पाऊल पुढे गेला तर डोक्यावरून पास जातो, अर्धं पाऊल मागे राहिला तर गार्ड निवांत शॉट मारतो. पाय चुकला की हात पुढे जातो आणि शिट्टी वाजते.

हे मी सोसलंय. मीही सेंटरच होतो, अर्थात फार खालच्या पातळीवरचा. आमचे सर बचावाच्या सरावात दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू द्यायचे, म्हणजे कोणाला धरायला हात मोकळाच नको. पहिले दोन आठवडे चेंडू सगळ्या कोर्टभर सांडायचे. बाकीचे हसायचे.

तर पुढच्या सामन्यात कागद घेऊन बसा आणि त्याचे फाउल कसले आहेत ते लिहा. उशिरा पोचून बाजूने हात मारला की फुली. आधी पोचून, हात सरळ वर ठेवून उडी मारली आणि तरी शिट्टी वाजली, तर बरोबरची खूण. दर महिन्याला फुल्या कमी होत असतील तर पोरगा शिकतोय. हंगामाच्या शेवटीही तेवढ्याच राहिल्या, तर दादाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. थोडंच.

मला खरी धास्ती वाटते ती गुडघ्यांची आणि पावलांची. एवढं उंच शरीर दर उडीनंतर त्यांच्यावरच आदळतं. प्रशिक्षकाने त्याला वीस मिनिटांतच बाहेर काढलं तर टीव्हीसमोर आरडाओरडा करू नका. असाच सात फुटी असलेल्या चेट होल्मग्रेनचं पायाच्या दुखापतीने पहिलं अख्खं वर्ष गेलं, पण पुढच्या वर्षी पठ्ठ्या ८२च्या ८२ सामने खेळला. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. २००७ च्या ड्राफ्टमध्ये सेंटर ग्रेग ओडन पहिला निवडला गेला, पुढे मोठा तारा झालेला केविन ड्युरँट दुसरा. मी छातीठोकपणे ओडनच्या बाजूने होतो, मित्रांशी भांडलो होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचा पहिला हंगामच गेला, आणि सगळी कारकीर्द मिळून तो १०५ सामने खेळला.

जर्सी खुशाल घ्या. माझ्याकडे ओडनची ५२ नंबरची आहे. घरात घालतो.