रील बघायला वेळ आहे, मेल उघडायला नाही

“दिवसभर मोबाईल हातात, पण गाईडचा मेल उघडायला हिला वेळ नाही!” आईने माझ्याकडे समुपदेशनाला आल्या आल्या तक्रार मांडली. मुलगी पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, “मॅडम, मी आळशी आहे का हो?”

हा प्रश्न घेऊन येणारी मुलं हल्ली बरीच असतात, आणि आपल्या वागण्यातली विसंगती सगळ्यात जास्त त्यांनाच छळत असते. हिचंच बघा. मैत्रिणीच्या मेसेजला क्षणात उत्तर, गाईडचा मेल मात्र तीन आठवडे तसाच. रात्री वैतागून इन्स्टाग्राम काढून टाकायचं, सकाळी पुन्हा घ्यायचं. ‘टाळाटाळ कशी थांबवावी’ यावरचे व्हिडिओ तर ती तासन्‌तास बघायची, लॅपटॉपवर प्रबंध उघडा ठेवून.

आळशी माणूस इतका तळमळत नाही. टाळाटाळीत वेळेच्या नियोजनापेक्षा नकोशा भावनेपासून सुटका मिळवण्याचा भाग मोठा असतो, असं टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉय या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं. मलाही मुलांमध्ये तेच दिसतं. काम समोर आलं की धास्ती वाटते, फोन उचलला की ती तेवढ्यापुरती विरते. मग पुढच्या वेळी हात आपोआप तिकडेच जातो. त्यात रील्सना शेवट नसतो, आणि पुढे काय येईल हे माहीत नसल्यामुळे थांबवत नाही.

फोन बंद कर, असं मी तिला सांगितलं नाही. फोन उचलण्याच्या आधी काय चाललं होतं, एवढंच वहीत लिहायला सांगितलं. पुढच्या भेटीत तिने पान दाखवलं. ‘तक्ता ४ उघडला. पोटात गोळा.’ ‘सर विचारतील.’ ‘परत तक्ता ४.’ प्रस्तावना लिहिताना मात्र फोनची एकही नोंद नव्हती.

संख्याशास्त्राचा तो भाग तिला कळलाच नव्हता. आता विचारलं तर ‘इतके दिवस काय केलंस?’ हे ऐकावं लागणार, म्हणून मेलही उघडवत नव्हता. तिथेच बसून तिने लिहिलं: ‘सर, उशीर झाला, माफ करा. तक्ता ४ चं विश्लेषण मला समजलेलं नाही. अर्धा तास द्याल का?’ पाठवताना तिचा हात थरथरत होता. घरच्यांना इतके दिवस याच जागी हट्टीपणा दिसत होता.

सरांनी थोडं सुनावलं, पण वेळ दिला. मग आम्ही ठरवलं: आंघोळ झाली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि तक्त्याखाली एक वाक्य लिहायचं. ‘आजपासून मन लावून अभ्यास’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की तमुक’ असं ठरवलेलं जास्त टिकतं. एखादा दिवस हुकला तर स्वतःला कोसत बसायचं नाही, हेही ठरलं. पालकांना हे लाड वाटतात. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळच्या टाळाटाळीबद्दल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेआधी टाळाटाळ कमी केल्याचं आढळलं होतं.

प्रबंधाचं ते प्रकरण उशिरा का होईना, सरांकडे गेलं. रील्स ती अजून बघते, पण लिहून झाल्यावर.

सगळ्यांचं इतक्यावर भागतं असं नाही. लहानपणापासून प्रत्येकच कामात लक्ष टिकत नसेल, तर एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलता अशी लक्षणं असलेल्या अवस्थेची) तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वहीवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.