कोकोच्या शेतकऱ्याला रास्त भाव कसा द्यावा?

प्रश्न : मी दिवाळी-संक्रांतीला घरी चॉकलेटे करून विकते. आजवर बाजारातील तयार लादी वितळवून साच्यात ओतत आले. आता लहान शेतकऱ्यांकडून कोकोच्या बिया घेऊन चॉकलेट करावे, असे मनात आहे. त्याने शेतकऱ्याच्या पदरात खरोखर काही पडते का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पडते, मात्र बिया आपण कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या बोलीवर घेता, यावर ते अवलंबून आहे. केरळातील इडुक्की, कर्नाटकातील दक्षिण कन्नड किंवा आंध्रातील गोदावरीकाठ येथे नारळ-सुपारीच्या सावलीत कोको घेणारे बरेच लहान बागायतदार फळ फोडून गरासकट ओल्या बिया वजनावर विकतात, आणि भाव घेणारा ठरवतो. त्याच बिया पाच ते सात दिवस पेटीत आंबवून, मधूनमधून वर-खाली करून, नंतर उन्हात वाळवल्या की चॉकलेटचा स्वाद तयार होतो. म्हणजे आपल्याला हवी असलेली चव ज्या मेहनतीतून येते, तिचेच पैसे शेतकऱ्याला मिळायला हवेत. म्हणून आंबवून वाळवलेला मालच मागावा. एकट्याच्या बागेत पेटी भरण्याइतक्या बिया एका वेळी निघत नाहीत, तेव्हा शेतकऱ्यांच्या गटाकडून घेणे सोयीचे.

भाव हंगामाआधी ठरवावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भाव कोसळले तेव्हा केरळात अनेकांनी कोकोची झाडे उपटून टाकली. सुपारी उत्पादकांची १९७३ मध्ये स्थापन झालेली कॅम्पको ही सहकारी संस्था त्या काळी कोको खरेदीत उतरली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये जागतिक बाजारात टनाला १०,००० डॉलरच्या वर गेलेला भाव पुढच्याच वर्षी जवळपास निम्म्यावर आला. असे हेलकावे लहान बागायतदाराला सोसवत नाहीत.

आपल्या खर्चाचे म्हणाल, तर भाजून, पाखडून टरफल गेल्यावर ७० टक्के कोकोच्या एक किलो चॉकलेटला साधारण ९०० ग्रॅम बिया लागतात. किलोमागे शेतकऱ्याला १०० रुपये जास्त दिले, तरी ५० ग्रॅमच्या वडीमागे आपला खर्च साडेचार रुपयेच वाढतो, आणि इंदूरचे खवय्ये चवीसाठी तेवढे नक्कीच देतील.

आरंभी चार-पाच किलोच मागवा. त्यातील ५० बिया सुरीने उभ्या चिरून पाहा : आत तपकिरी रंग आणि भेगा असतील तर माल उत्तम आंबलेला, जांभळ्या असतील तर अर्धवट, पाटीसारख्या राखाडी असतील तर न आंबलेला. राखाडी बिया जास्त निघाल्या तर मुकाट्याने दुसरा विक्रेता शोधू नका. मोजून आकडा कळवा, चिरलेल्या बियांचे छायाचित्र पाठवा आणि पुढच्या खेपेची मागणीही त्याच वेळी नोंदवा, म्हणजे पुढची पेटी नीट आंबवण्याचे कष्ट त्यांना भरवशाने घेता येतील.