मोरिमोतो एशियात पहिल्यांदा जेवायला जाताना

ऑरलँडोच्या डिस्ने स्प्रिंग्ज या खरेदी-खाण्याच्या भागातल्या मोरिमोतो एशिया या आशियाई रेस्टॉरंटात जायचं तर तो दिवस डिस्नेच्या थीम पार्कमध्ये घालवू नका. डिस्ने स्प्रिंग्जला तिकीट लागत नाही, पार्किंगही फुकट; मग तिथे जायला पार्कच्या तिकिटाचा दिवस का खर्ची घालायचा? आणखी एक अडचण म्हणजे तिथून थेट पार्कला बस जात नाही, एखाद्या हॉटेलवर उतरून बदलावी लागते. टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, संध्याकाळच्या वेळा आधी भरतात.

पेकिंग डक, म्हणजे चिनी पद्धतीचं भाजलेलं बदक, चौघांत मिळून घ्या. कुरकुरीत कातडीचा तुकडा, थोडा होइसिन सॉस (गोडसर, दाट चिनी सॉस), पातळ पोळीत गुंडाळून लगेच खायचा. गार झाला की कातडी मऊ पडते आणि सगळी मजा जाते, म्हणून सुशी त्याच्या आधी मागवा, सोबत नको.

शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. दाशी (बहुतेकदा माशाचं जपानी सार), फिश सॉस, ऑयस्टर सॉस (कालवांचा) ही नावं घेऊन विचारा. भाज्यांच्या पदार्थांतही ती असतात.

मेन्यूतल्या किमतीवर साडेसहा टक्के कर आणि १८ ते २० टक्के टिप धरा. गट मोठा असेल तर टिप बिलात आधीच लावलेली असू शकते, सही करण्याआधी पाहा.