मुलाच्या हॉकीसाठी कॅनडात यावं का? जरा सविस्तर उत्तर

तुम्ही विचारलंय की कॅनडाचा पीआर (कायम राहायचा परवाना) झालाय, मुलगा 11 वर्षांचा, पिंपरीत रोलर हॉकी खेळतो, तर इकडे आइस हॉकीत प्रोफेशनल करिअर होईल का आणि पोटापाण्यासाठी ते कितपत भरवशाचं. मी टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला बरीच वर्षं आहे, पोरं रिंकवरच वाढली, म्हणून स्पष्ट लिहितो. जरूर या, पण तुमच्या नोकरीसाठी या, हॉकीच्या भरवशावर नको.

आपण टीव्हीवर स्टार बघतो, पण हे फील्ड चालतं ते बॅग भरून तयार असलेल्या खेळाडूंवर. माइक सिलिंजर घ्या, कॅनडातल्या रेजायनाचा, एनएचएल म्हणजे इथली सगळ्यात वरची लीग, तिच्या टीम दरवर्षी नवीन पोरं निवडतात त्या 1989 च्या ड्राफ्टमध्ये अकरावा, म्हणजे भारीच पोरगा, तरी एनएचएलच्या 12 टीम फिरला, नऊ वेळा ट्रेड झाला, म्हणजे टीमनेच दुसऱ्या टीमला देऊन टाकला. आणि हा यशस्वी माणूस हां, हजाराच्या वर मॅचेस खेळलाय! भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू रॉबिन बावा, त्याच्या चार टीम मिळून मॅचेस 61, बाकी सगळं आयुष्य खालच्या लीगमध्ये.

पैशाचं गणित असं की 2025-26 सीझनला एनएचएलचा किमान पगार 7,75,000 डॉलर होता, ऐकायला मस्त, पण मधल्या फळीतल्या पोरांचं बहुतेक टू-वे काँट्रॅक्ट असतं, म्हणजे वर जितके दिवस तितक्याच दिवसांचा तो पगार, एएचएल या खालच्या लीगला पाठवलं की दुसरा आकडा, फारच कमी. त्याच्याही खाली ईसीएचएल, तिथे आठवड्याचा पगार, सीझनपुरतं राहायला घर, उन्हाळ्यात स्वतःचं स्वतः बघा. वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे टीमने खेळाडू बाकीच्यांसाठी मोकळा केला, की 24 तासांत दुसरी कुठलीही टीम उचलू शकते, जायचंय का असं कोणी विचारत नाही. मग बायकोची नोकरी, मुलांची शाळा, सगळं त्याच्यामागे. तिशी जवळ आली की बरेच जण जर्मनी नाहीतर ब्रिटन गाठतात, तिथे एकेका वर्षाचे करार, परदेशी खेळाडूंना ठरावीकच जागा, पण फ्लॅट बहुधा क्लब देतो आणि ब्रिटनमधले काही क्लब खेळता खेळता मास्टर्सची सोय करतात, ही मला तरी सगळ्यात शहाणपणाची डील वाटते.

ड्राफ्ट नाही झाला म्हणजे संपलं असंही नाही. अर्शदीप बैन्स कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या सरे भागातला, कोणी ड्राफ्ट केला नाही, 2021-22 ला डब्ल्यूएचएल या ज्युनियर लीगमध्ये सर्वात जास्त पॉइंट्स (गोल आणि गोलला दिलेले पास) काढले, मग व्हँकुव्हरने घेतला आणि फेब्रुवारी 2024 ला एनएचएल खेळला. पण असे मोजकेच.

एक चांगली गोष्ट झालीय, पूर्वी ओएचएल-डब्ल्यूएचएलसारख्या ज्युनियर लीगला खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं, ऑगस्ट 2025 पासून तसं नाही. म्हणजे डिग्री हातची जात नाही, आपल्या घरांत हे महत्त्वाचं, आजी-आजोबांना पण सांगता येतं 😄

तुमच्या मुलाला स्टिक आणि पासिंगचा फायदा होईल, थांबायला मात्र नव्याने शिकावं लागेल, बर्फावर ब्लेड आडवं घासून थांबतात, चाकांची सवय तिथे आड येते. आणि इथल्या रेप टीमच्या (निवडक पोरांच्या, वरच्या दर्जाच्या टीम) ट्रायआउट्स, म्हणजे निवड चाचण्या, एप्रिल-मेच्या सुमारास उरकतात, तुम्ही ऑगस्टला उतरताय, तेव्हा पहिलं वर्ष हाउस लीग धरा, म्हणजे सगळ्यांना खुली असलेली स्थानिक लीग, ती स्वस्तपण पडते. हेल्मेट नवीन घ्या, स्केट्स सेकंडहँड चालतील, पोरांचे पाय दरवर्षी वाढतात.